नदीकाठची दुसरी चूल

"नदी तरी चालती का तुम्हाला, का तीसुद्धा जावयाचीच?" मी विचारलं.

मालनताई काठावर उकिडवी बसून तीन दगड जुळवत होती. तिनं मान वर केली नाही. "नदी चालती," म्हणाली. "ती कुणाच्या घरात सून म्हणून गेलेली न्हाई."

रणजित हसला. माझा पोटचा लेक, पण सासूच्या बाजूनं हसला. मी ते ध्यानात ठेवलं.

मालनताईनं फिरकीचा तांब्या उघडला, उरलेलं पाणी झाडाच्या मुळाशी ओतलं, आणि दगडावरून दगडावर पाय टाकत खाली उतरून नदीचं पाणी भरून आणलं. माझ्या वयाची बाई, पण चाल अशी की पाण्याचा थेंब सांडला नाही. मग वाळक्या काटक्या दगडांमध्ये सारून तिनं चूल पेटवली. आमची चूल तिथून चार पावलांवर होती. ऊर्मिला, म्हणजे तिची लेक आणि माझी सून, तिथंच कांदा चिरत बसली होती. माझ्या पातेल्यात चौघांचा भात मावत होता. पण मालनताई आपल्या पिशवीतनं आपले तांदूळ काढून आपल्या भगुल्यात वेगळे धूत होती.

रीत मला ठाऊक नव्हती असं नाही. लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं लेकीच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. नातवंड झालं की बारशाला जायचं, त्याला मांडीवर घ्यायचं, आणि मग त्या घरात पहिला घास. माझ्या आईनंही पाळली होती. पण माझा थोरला वर्षाच्या आत झाला आणि आई सुटली. ऊर्मिलाच्या लग्नाला त्या वेळी आठ वर्षं झाली होती.

आठ वर्षं ही बाई पाटणच्या डोंगरातनं एसटीनं विट्याला यायची. लेकीला दूध, खरवस, घरचे तांदूळ आणायची. माझ्या उंबऱ्यात बसायची आणि पिशवीतला तांब्या काढून स्वतःचं पाणी प्यायची. माझ्या घरी पाहुणा उपाशी गेलेला नाही. भांडायला आलेली माणसंसुद्धा मी जेवू घालून पाठवली आहेत. आणि ही बाई ऊन मी म्हणत असताना माझ्या माठाकडं पाठ करून बसायची. संध्याकाळच्या गाडीनं परत. एक रात्र कधी राहिली नाही. मला ते टोचायचं. पण बोलणार काय? चुकत नव्हतीच ती.

तंबूत राहायला जायचं ऊर्मिलानं काढलं, तेव्हा मी म्हटलं होतं, "दुमजली घर उभं असताना कापडात झोपायचं? असं बिनदाराचं मी लग्नाच्या मांडवात तेवढी झोपले होते."

"अक्का, चला तर खरं. दोन्ही आयांना घेऊन मला कुठंतरी जायचंय."

"मग देवाला जाऊ."

"देवाला नको," ती म्हणाली. पटकन म्हणाली. मग जरा थांबून, "नदीला जाऊ."

ऊर्मिलाचं औषधांचं दुकान आहे. गावातली निम्मी माणसं आपलं दुखणं डॉक्टरआधी तिला सांगतात. अशी बाई एकदा नको म्हणाली की आपण ‘का’ म्हणून विचारायचं नाही, एवढं मला शिकवावं लागत नाही. संक्रांत झाली, थंडी जरा ओसरली, आणि आम्ही निघालो. उंब्रजच्या फाट्यावर मालनताई दोन पिशव्या घेऊन उभी होती. एक कपड्यांची, एक शिध्याची. घाट उतरून कोलाडच्या अलीकडं आलो तेव्हा दुपार कलली होती.

जागा मात्र चांगली होती, खोटं कशाला बोलू. करंज आणि जांभळाची दाट सावली, खाली काळे दगड, दगडांमधून कुंडलिकेचं पाणी. तंबू ओळीनं मांडलेले. राखण करणारा गडी म्हणाला, "आजी, सकाळी वरनं धरणाचं पाणी सोडतात, तेव्हा खाली उतरायचं नाही. नदी बघता बघता दुप्पट होते." तंबू त्यांचा, भांडी त्यांची, रांधायचं ज्याचं त्यानं. तंबूच्या आत शिरायला चेन ओढायची. मी वाकून, रांगून आत गेले आणि आतूनच रणजितला म्हटलं, "याच्यासाठी तुला शिकवला का रे?"

आमच्या शेजारचे तंबू इस्लामपूरच्या भिशीच्या बायकांनी घेतले होते. सगळ्यांच्या डोक्यावर एकसारख्या गुलाबी टोप्या. त्यांची पुढारीण छबूताई. ती आल्या आल्या आमच्याकडं आली. अशा बायकांना आवतण लागत नाही.

"कुठल्या म्हणायच्या तुम्ही?"

"विट्याच्या."

"अगं बया! माझी धाकटी बहीण विट्यातच दिलीया!" तिनं बहिणीचं सासर सांगितलं. आमच्या मागच्याच गल्लीतलं निघालं. म्हणजे इथं शिंकलं तरी तिथं ऐकू जाणार. मी पदर नीट केला.

छबूताईची नजर तोवर दुसऱ्या चुलीवर गेली होती. "ही वेगळी चूल कुणाची? सोवळं हाय का काय?"

"माझी विहीण हाय," मी म्हटलं. "लेकीच्या घरचं खात न्हाई."

छबूताईनं मालनताईकडं बघितलं. मग ऊर्मिलाकडं बघितलं. चेहऱ्यापासून सुरू झालेली नजर खाली उतरत पोटावर आली आणि तिथंच थांबली.

"अजून न्हाई व्हय?" ती हळू आवाजात म्हणाली. मयताला गेल्यावर बोलतात तसा आवाज. "किती वर्षं झाली?"

"तुमच्या तंबूची दोरी सुटलीया," मी म्हटलं. "आधी ती बघा जावा. कापड अंगावर पडंल."

ती गेली. ऊर्मिलाची सुरी थांबली होती, ती परत कांद्यावर चालायला लागली. मालनताई चुलीत फुंकर घालत होती. धूर सगळा तिच्या तोंडावर येत होता, पण ती बाजूला सरकली नाही.

दिवस मावळायच्या सुमाराला आम्ही जेवायला बसलो. ऊर्मिलानं भरली वांगी केली होती. आम्हा तिघांची ताटं एकीकडं, आणि समोर मालनताई, मांडीवर फडक्यात दशमी, बाजूला भगुल्यात भात आणि ठेचा. पाणी दगडांवरून जात होतं त्याचा आवाज येत होता. पलीकडं भिशीच्या बायका गाण्याच्या भेंड्या खेळत होत्या.

ऊर्मिलानं वाढलं, पण स्वतः जेवायला हात लावला नाही.

"आई, अक्का, मला तुम्हाला एक सांगायचंय. घरी सारखं कुणीतरी येतं-जातं, म्हणून इथं आणलं तुम्हाला." तिनं रणजितकडं बघितलं. "आम्ही दवाखाना बंद केलाय."

"कुठला दवाखाना?" मी विचारलं. आणि विचारता विचारताच कळलं कुठला.

"पुण्याचा. दिवाळीपासून गेलोच नाही आम्ही."

"डॉक्टरनं न्हाई म्हटलं?"

"डॉक्टर कधीच नाही म्हणत नाहीत, अक्का. ते आणखी एकदा करून बघू म्हणतात. आम्हीच नाही म्हटलं. सुया झाल्या, ऑपरेशन झालं. तुमच्या शब्दासाठी अनवाणी डोंगर चढून झाला. आता पुरे."

"मग दत्तक—"

"तेही बोललो. खूप बोललो. आम्ही दोघं बरे आहोत, अक्का. खरंच बरे आहोत."

"माझंही तेच म्हणणं आहे," रणजित म्हणाला.

"तुला कुणी विचारलं?" मी म्हटलं. दुसरं काय बोलणार होते? घास हातात तसाच राहिला होता. नातवाचं नाव मी मनात ठरवून ठेवलं होतं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ते तिथंच गिळलं.

मालनताई दशमीचा तुकडा मोडत होती, मोडलेला आणखी मोडत होती.

"आई," ऊर्मिला म्हणाली, "आता तू आमच्यात जेव."

मालनताईचा हात थांबला.

"आज त्या बाईंनी काय केलं बघितलंस? आधी तुझी चूल बघितली, आणि मग माझं पोट बघितलं. आठ वर्षं हेच चाललंय. तुझा तांब्या अक्कांच्या उंबऱ्यात दिसला की अख्ख्या गल्लीला कळतं, हिचं अजून काही नाही. तू येणार म्हटलं की मला आनंद व्हायला पाहिजे ना? मला धस्स होतं. मी परीक्षेत नापास झालेय आणि माझा निकाल तू गावोगाव घेऊन फिरतेस, असं वाटतं."

"मी तुझ्यासाठीच गं—"

"माहीत आहे. म्हणून तर इतकी वर्षं बोलले नाही."

ऊर्मिला रडली नाही. आवाजही चढला नाही. औषध कसं घ्यायचं ते गिऱ्हाइकाला समजावते, त्याच आवाजात बोलली. मालनताईनं फडकं गुंडाळलं, हात धुतला आणि उठून नदीकडं गेली. उरलेलं आम्ही कुणीच जेवलो नाही. वांगी इतकी चांगली झाली होती, पण कुणी जेवलं नाही.

जरा वेळानं मी तिच्यामागं गेले. अजून उजेड होता. पाणी बरंच उतरलं होतं आणि दिवसा बुडालेले दगड वर आले होते. मालनताई त्यातल्याच एका दगडावर बसली होती. मी शेजारच्या दगडावर बसले. माझे गुडघे वाजले ते तिला ऐकू गेले असणार.

"भात निवला तुमचा," मी म्हटलं.

"निवू द्या."

"पोरगी जरा जास्तच बोलली."

"कमी बोलली," मालनताई म्हणाली. "मी आसते तर कवाच बोलले आसते."

समोरून एक खंड्या पाण्याला घासून गेला.

"विहीणबाई, एक सांगू का?" ती म्हणाली. "पयल्या वरसाला ती रीत हुती. आईनं पाळली, आज्जीनं पाळली, म्हणून मी पाळली. दुसऱ्या वरसापासनं ती रीत न्हवती ऱ्हायली. देवासंगं माझं भांडण हुतं ते. मी म्हणायची, बघतोस न्हवं? म्हातारी उन्हातनं येती, लेकीच्या दारात तहानलेली बसती. तुला लाज कशी वाटत न्हाई? एक दिवस लाजंल, आन देईल. मला वाटायचं, मी जेवढी घट्ट ऱ्हाईन तेवढं लवकर देईल."

"आणि आता?"

"आता मी घास घेतला म्हंजी मीच त्याला सांगितल्यासारखं हुईल, ऱ्हाऊ दे बाबा, नगं देऊस." ती पाण्याकडं बघत होती. "आय हाय मी तिची. तिनं आशा सोडली तर सोडू दे. मी कशी सोडू? म्हशी राखून वाढवलीया तिला. एकटीनं. माझ्या मागं तिला कोण, ह्येच डोक्यात ऱ्हातं रातंध्याड."

मी लोकांना उत्तरं देऊन मोठी झालेली बाई. पण तिनं माझ्या मनातलंच बोलून टाकलं होतं आणि माझ्यापेक्षा नीट बोलली होती.

"तुम्हाला काय वाटतं, ते मी इचारत न्हाई," मालनताई म्हणाली. "तुम्ही पोराच्या आय. तुमचं येगळं."

दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर मी तिच्या सात पिढ्यांची उजळणी केली असती. तिथं मी एवढंच विचारलं, "सकाळी चूल कुठं मांडणार?"

"बघू," ती म्हणाली.

रात्री ती माझ्याच तंबूत होती. या कुशीवरून त्या कुशीवर होत होती. मीही जागी होते. पण दोघीही एकमेकींना फसवत निजल्यासारख्या पडून राहिलो.

सकाळी मी चेन ओढून बाहेर आले तर कापडावर दव साचलेलं, नदीवरून वाफा निघत होत्या. मालनताईची अंघोळ झाली होती. केस ओले, अंगावर धुतलेलं लुगडं. तिची तीन दगडांची चूल गार पडलेली. काटक्या गोळा केलेल्या नाहीत, भगुलं पालथं घातलेलं. मला वाटलं, आज बाईनं उपासच धरला. आता लेकीचंही नको आणि आपलंही नको, असं काहीतरी काढलं असणार. तशा बायका मी पाहिल्या आहेत.

ऊर्मिला आमच्या चुलीपाशी थालीपीठं थापत होती. डोळे सुजलेले होते. रणजित चहा गाळत होता आणि निम्मा चहा भांड्याबाहेर जात होता.

मालनताई आली. चटईवर लेकीच्या समोर मांडी घालून बसली. पदर खोचला.

"वाढ," म्हणाली.

ऊर्मिलाला कळलंच नाही. "काय हवंय, आई?"

"वाढ म्हणतीया. ताट घे आन वाढ. कानात बोळे घातलेत का?"

रणजितच्या हातातली गाळणी चहात पडली. ऊर्मिलानं ताट घेतलं. तव्यावरचं थालीपीठ उलथन्यानं काढताना मोडलं. ती दुसरं घालायला निघाली तर मालनताई म्हणाली, "तेच दे. मोडलं तर काय हुतंय."

तिनं तुकडा मोडला. ताटाला नमस्कार केला नाही, देवाचं नाव घेतलं नाही, डोळे मिटले नाहीत. लेकीकडं बघत घास तोंडात घातला आणि चावायला लागली. बराच वेळ चावत होती. घास गळ्याशी आला आणि थांबला. तिच्या गळ्याची शीर मला दिसत होती. मला वाटलं, आता थुंकणार ही. खाली उतरणार नाही हा घास.

तिनं गिळला.

मी आयुष्यात पुष्कळ उपास केले, पुष्कळ जणींचे सुटताना बघितले. उपास सोडताना बाईच्या तोंडावर सुटल्याचं सुख असतं, पुढं काहीतरी पदरात पडणार याची खात्री असते. या बाईनं काहीही पदरात पडणार नाही हे ठाऊक असताना उपास सोडला. आठ वर्षं देवासमोर धरलेली मूठ तिनं लेकीसाठी उघडली. आणि चेहरा कसा, तर रोजच्या जेवणाला बसल्यासारखा. मला नसतं जमलं. हे मी आजवर कुणाबद्दल म्हटलेलं नाही.

"मीठ कमी पडलंय," मालनताई म्हणाली. "आठ वरसं असंच घालतीस का ह्यांना खायाला?"

"माझ्या घरात मीठ मापात असतं," मी म्हटलं.

"माप लहान आसंल."

ऊर्मिला हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मनगटानं डोळे पुसत, पिठाचा हात गालाला लागत. "दुसरं टाक," मालनताई म्हणाली. "आन पाणी दे. तुमच्या घरचं."

रणजितनं पाणी दिलं. तिनं पेला तोंडाला लावून गटागट संपवला.

आणि नेमकी तेव्हाच छबूताई आली, हातात चहाचा पेला, डोक्यावर गुलाबी टोपी. तिनं मालनताईच्या पुढ्यातलं ताट बघितलं, ऊर्मिलाचे ओले डोळे बघितले, गार पडलेली दुसरी चूल बघितली. आमच्या भागातल्या बाईला एवढं बघितल्यावर दुसरं काय सुचणार?

"अगं बया बया! जेवली व्हय विहीण! म्हंजी गोड बातमी हाय!" ती तिथूनच ओरडली. "काल मला पत्ता लागू दिला न्हाई, लबाड! अगं ए, या गं सगळ्याजणी! कितवा म्हैना पोरी?"

सगळ्या टोप्या धावत आल्या. कुणी डब्यातले पेढे आणले, कुणी ऊर्मिलाच्या तोंडावरून हात ओवाळून बोटं मोडली. एकीनं तर तिला धरून खाली बसवलं, "वाकू नगंस बाई, आता जपायचं," म्हणून. ऊर्मिलाच्या हातात उलथनं तसंच. चेहरा पांढराफटक. रणजित एक पाऊल पुढं आला आणि थांबला. बायकांच्या त्या गराड्यात पुरुषानं बोलायचं काय?

मी तोंड उघडलं. छबूताईला दोन शब्दांत गार करायची माझी तयारी होती. पण काय म्हणणार? बातमी नाही म्हणावं तर पोरीचं दुखणं सगळ्यांपुढं मांडल्यासारखं. गप्प बसावं तर परवापर्यंत विट्यात घरोघर पेढे. जिभेवर आलेलं सगळं चुकीचंच होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी उघडलेलं तोंड तसंच मिटलं.

"छबूताई," मालनताई म्हणाली. ती जेवतच होती. "तसं काय न्हाई. नातवंड न्हाई, आन हुणारबी न्हाई."

म्हशीच्या दुधाचा भाव सांगावा तसं म्हणाली.

"आन मग..." छबूताईच्या हातातला पेढा अर्ध्यावर थांबला, "तुम्ही जेवताय कशा?"

"भूक लागली म्हणून."

"तसं न्हवं ओ. रीत—"

"रीत मीच धरली, मीच सोडली. तुमच्याकडं ठेवायला दिली न्हवती." तिनं ताटातला तुकडा मोडला. "ल्योक झाला, लेक झाली की आय जेवती, तेला आपण आनंद म्हणतो. माझी लेक हाय, धडधाकट हाय. तिचा नवरा तिला जपतोय. सासू तोंडानं फटकळ हाय पर तिला कवा उपाशी निजवलं न्हाई. मी काय बघून जेवायचं थांबू?"

फटकळ म्हणाली मला. इतक्या बायकांपुढं. मी ऐकून घेतलं.

छबूताई तशीच उभी होती. मी किती जणींची तोंडं बंद केली आहेत, मोजदाद नाही. पण मी बंद केलेलं तोंड माझी पाठ फिरली की दुप्पट उघडतं. इथं तसं झालं नाही. ती बाई खाली वाकली, चटईवर मालनताईच्या शेजारी बसली. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"माझ्या थोरलीला बी न्हाई," ती म्हणाली. मयताला गेल्यासारखा आवाज आता नव्हता, तिचा स्वतःचा होता. "सा वरसं झाली. मी बी जात न्हाई जेवायला. दारातनंच माघारी येती."

मालनताईनं ताट जरा तिच्याकडं सरकवलं. "घ्या. मीठ कमी हाय, पर गरम हाय."

त्याच वेळी वरून धरणाचं पाणी आलं. आधी नुसता आवाज, लांबून गाडी यावी तसा, आणि मग बघता बघता काळे दगड एकेक करून पाण्याखाली गेले. रबरी होड्यांतून पोरं आरडाओरडा करत खाली निघाली. भिशीच्या बायका बघायला काठावर धावल्या. छबूताई मात्र खाऊनच उठली. जाताना ऊर्मिलाच्या डोक्यावरून हात फिरवला, या वेळी पोटाकडं न बघता.

आम्ही आणखी एक दिवस राहिलो. मालनताईनं दोन्ही वेळा आमच्यात जेवून दोन्ही वेळा नावं ठेवली. भात फडफडीत झाला, आमटी पातळ झाली. ऊर्मिला ऐकून खूश. मी आठ वर्षांत सुनेला इतकं टोचून बोलले नव्हते, आणि बोलले असते तर घरात महाभारत झालं असतं.

परतताना घाट चढून साताऱ्याला चहा घेतला आणि हायवेला लागलो. उंब्रज जवळ आलं. पाटणकडं वळायला रणजितनं गाडी हळू केली. मालनताईच्या दोन्ही पिशव्या मांडीवर होत्या, पण ती दाराकडं सरकली नाही.

"मामी, फाटा आला," रणजित म्हणाला.

"दिसतोय. सरळ चला."

"सरळ?" ऊर्मिला मागं वळली. "आई, म्हशी?"

"म्हशी शेजारणीला सांगून आलीया. दोन दिस सांगितलं हुतं, चार दिस म्हणू. लेकीच्या घराचा मला नुसता उंबरा ठाऊक हाय. माजघर कसं हाय, तुझी खोली कुठल्या अंगाला हाय, काय बघितलं न्हाई मी."

ऊर्मिला पुढं बघत बसली. तिचे खांदे हलत होते. मला ते बघवेना, म्हणून मी खिडकीकडं तोंड केलं, आणि गप्प बसणं तर मला जमत नाही.

"हे बघा विहीणबाई," मी म्हटलं, "चार दिवस राहा नाहीतर महिनाभर राहा. पण माझ्या घरात चुलीपुढं मी बसते. तिथं लुडबूड चालायची नाही."

"बसा की," मालनताई म्हणाली. "मी जेवायला येतीया."